शाकारणीची रजा

आमच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "इतिहासाच्या व्याख्यानात कौले आणि समुद्रावरच्या सहली कशाला?" प्रश्न रास्त आहे. तारापूरचा इतिहास म्हटला की किल्ला आठवावा. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक कशी घेतली आणि मे महिन्यात वसई कशी सर झाली ते सांगावे, असा रिवाज आहे. तो इतिहास सांगणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही शाळेत आठवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा तारापूरच्या तटावर कोण चढले यापेक्षा त्यानंतरच्या वैशाखात गावातल्या छपरांवर कोण चढले, आणि त्याला तेवढी सवड कोणी दिली, हा प्रश्न आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

मे महिना आला की बोईसर-पालघरकडच्या कामगाराच्या घरी दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. छपराचे काय करायचे, ही पहिली; आणि पोरांना समुद्रावर कधी न्यायचे, ही दुसरी. दोन्ही गोष्टी पैशाच्या आहेत हे खरेच. पण पैसा उसना मिळतो. दिवस उसने मिळत नाहीत. दोन्हींचा निकाल शेवटी रजेच्या शिल्लक दिवसांवर लागतो. म्हणून आमच्या मते या भागातल्या घरसंसाराचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी रजेचा इतिहास आहे, आणि तो कोणी लिहिलेला नाही.

हा किनारा ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी एक-दोन शब्द. उत्तरेस डहाणू, मग चिंचणी, तारापूर, पुढे दांडी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी, शिरगाव, माहीम आणि दक्षिणेस केळवे अशी ही गावांची माळ आहे. किनाऱ्याला मांगेला, वैती, माच्छी ही मासेमारी करणारी मंडळी. त्यांच्या मागे वाडवळांच्या वाड्या, केळीच्या आणि पानवेलींच्या. त्याच्या मागे रेल्वेचा रूळ. आणि रुळाच्या पूर्वेस डोंगरापर्यंत वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. रूळ टाकला तो बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने. १८६४ साली ही वाट मुंबईपर्यंत पोचली. तालुक्याचे ठिकाण पूर्वी माहीम होते, आणि त्याच नावाने तालुका ओळखला जाई. रेल्वेने पुढे हा मान पालघरला दिला. २०१४ च्या १ ऑगस्टला त्याच पालघरचा जिल्हा झाला. समुद्राकाठचे गाव मागे पडून स्टेशनकाठचे गाव पुढे आले, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजण्यास सोपे जाईल.

आता जुन्या काळाकडे पाहू. या गावांतून हवा खाण्यासाठी समुद्रावर जाण्याची चाल नव्हती. मुंबईच्या सधन मंडळींनी डहाणू-घोलवडकडे बंगले बांधले, ते फिरायला जात. पण ते पाहुणे. ज्याच्या दारात समुद्र त्याला त्यात काम दिसते. चैत्र-वैशाखात तर किनाऱ्यावर पाऊल ठेवायला जागा नसे, आजही अनेक गावांत नसते. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत असतात, खाली जवळा पसरलेला असतो, बाया भल्या पहाटेपासून राखण करीत, उलथापालथ करीत उभ्या असतात. पावसाआधी जेवढे वाळेल तेवढेच पुढचे चार महिने विकायला आणि खायला. तिला तुम्ही 'किती छान वारा आहे' म्हणालात तर ती हो म्हणेल, कारण वाऱ्याने बोंबील लवकर वाळतात.

मौज म्हणून घराबाहेर पडायचे ते जत्रेला. डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते. वारली, कोळी, वाडवळ, सगळ्यांची बैलगाडी त्या वाटेला लागे. देवदर्शन तर होईच. पण मडकी, सुपे, टोपल्या, विळे, कोयते, मिरच्या-मसाले हेही तिथेच घ्यायचे. सहल म्हणजे पावसाळ्याच्या बाजारहाटाचा एक भाग होता. कोकणात या तयारीला आगोटीची बेगमी म्हणतात. पुढे कामगारांची समुद्राची सहल कशी जन्मली ते सांगताना हा शब्द पुन्हा येईल.

आणि घराची डागडुजी? तिचा महिनाही हाच. गावठाणातले घर नळीच्या कौलांचे असो की पुढे आलेल्या मंगलोरी कौलांचे, वैशाखात ते शाकारावे लागे. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची, वाळवी लागलेला वासा ठोकून पाहायचा, आणि खालून वर ओळीने कौले परत चढवायची. दोन माणसे वर, दोन खाली, आणि घरातली बाई चुलीजवळची भांडी झाकत आत. आदिवासी पाड्यावर छप्पर गवताचे किंवा पेंढ्याचे आणि भिंती कारवीच्या कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमाती लिंपायची. दरसाल लिंपण उखडते, दरसाल नवे द्यायचे. घरात लग्न असले तर त्याच भिंतीवर गेरू देऊन तांदळाच्या पिठाने बाया चौक लिहीत. आज त्या चित्रांना जगभर मान आहे आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण मुळात ती घराची रंगरंगोटी होती, आणि ती करणाऱ्या बायांनी पिठापलीकडे एक पैसाही खर्च केलेला नव्हता. गरिबाला घर नीटनेटके ठेवण्याची हौस नसते असे जे म्हणतात त्यांनी एकदा त्या भिंती पाहाव्यात.

मात्र हौस असून भागत नाही. स्वतःच्या छपरावर चढायला स्वतःचे दिवस लागतात, आणि या जिल्ह्यातल्या हजारो आदिवासींना ते नव्हते. वेठ नावाची चीज होती. सावकार-जमीनदाराने बोलावले की आपले काम टाकून बिनमजुरीने जायचे. त्याचे शेत, त्याचे गवत, त्याचे घरकाम आधी. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण सावकाराचे छप्पर कोरडे आणि वारल्याचे गळके, याचे कारण कौलांत नव्हते. १९४५ च्या २३ मे रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ करणार नाही असा निर्धार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर या किसान सभेच्या पुढाऱ्यांचे ते काम. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप झाला, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात पाच जण बळी पडले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सर्व वृत्तांत आहे. आमचे लक्ष सभेच्या तारखेकडे जाते. २३ मे म्हणजे पावसाला दोन-तीन आठवडे उरलेले. वेठ नाकारणे म्हणजे त्या दोन-तीन आठवड्यांवर हक्क सांगणे. आम्ही याला या जिल्ह्यातला रजेचा पहिला लढा समजतो. इतिहासकार त्याला दुसरे नाव देतील, देवोत.

आता गिरणीकडे वळू, कारण रजेचा कायदा शेतावर नव्हे, गिरणीत जन्मला. मुंबईत पहिल्या गिरण्या निघाल्या तेव्हा आठवड्याची सुट्टी नावाची वस्तू नव्हती. सण असला तर यंत्र थांबे, नाहीतर नाही. आणि रविवारी यंत्र थांबले तरी ते साफ करायला कामगार हजर. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुट्टीचा प्रश्न हाती घेतला. १८९० च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामकरी स्त्रियांनी भाषणे केली, ही गोष्ट विसरू नये. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आज रविवारी सकाळी जो तो उशिरा उठतो; पण लोखंड्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

रविवार मिळाला, पण रविवारात कौले शाकारून होत नाहीत. कोकणातला, घाटावरचा गिरणी कामगार मे महिन्यात गावी जाई तो बिनपगारी. जागेवर बदली कामगार उभा राही, आणि परत आल्यावर जागा मिळेल की नाही हे मुकादमाच्या मर्जीवर. गिरणीमालकांनी याला गैरहजेरी म्हटले. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशननेही आपल्या १९३१ च्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते दखल घेऊन नोंदले. कामगार आळशी आहे, त्याला शिस्त नाही, तो गावच्या ओढीने पळतो, अशी टीका त्या काळी फार झाली. त्याच्या गावच्या घरावर जून महिन्यात पाणी कोसळणार होते, एवढी साधी गोष्ट टीकाकारांना दिसली नाही. ते बहुधा स्लॅबखाली राहत असावेत.

पगारी रजेची कल्पना जगात उशिरा आली. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरणीगावांत उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या गिरण्या बंद ठेवून यंत्रे आणि बॉयलर दुरुस्त करण्याची रीत होती. सारे गाव त्या आठवड्यात ब्लॅकपूलच्या समुद्राकडे लोटे. परंतु तो आठवडा पुष्कळ काळ बिनपगारीच होता, कामगार वर्षभर आठवड्याला थोडेथोडे साठवून तो साजरा करीत. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये प्रचंड संप झाले आणि तेथील लोकपक्षीय सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. त्या उन्हाळ्यात सवलतीच्या रेल्वे तिकिटांवर कितीतरी कामगार कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच जूनमध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने पगारी सुट्टीचा ठराव संमत केला. आपल्याकडे १९४५ साली जुन्या कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षाला दहा दिवस मिळाले, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने नियम पक्का केला: वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस रजा, पगारासह. २४० ला २० ने भागले तर बारा दिवस. हे बारा दिवस आम्ही सभांमधून इतक्या वेळा बोटांवर मोजून दाखवले आहेत की आमची मुलेही तो हिशेब पाठ म्हणत.

हा कायदा बोईसरला पोचला तो कारखान्यांबरोबर. अमेरिकन कंपन्यांच्या साहाय्याने तारापूरचे अणुवीज केंद्र उभे राहिले आणि १९६९ च्या ऑक्टोबरात त्याची वीज रीतसर सुरू झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालेले होते. त्याने पुढच्या दशकात बोईसरच्या बाजूला जी वसाहत आखली ती नावाने तारापूरची, पण स्टेशन बोईसरचे. रंग, रसायने, औषधे, कापड, पोलाद, सगळे आले. भोवतालच्या गावांतली आणि पाड्यांवरची तरुण मुले प्रथमच पाळीत गेली. आम्हीही १९९० च्या सुमारास असेच एका कारखान्यात लागलो, आणि चार वर्षांत युनियनच्या कामामुळे बाहेर पडलो. तो कारखाना आता बंद आहे, त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही.

कायम कामगारांच्या त्या पहिल्या पिढीचे घर कसे बदलत गेले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बदलाचा क्रम जवळजवळ ठरलेला असे. पहिल्या बोनसात, म्हणजे १९६५ च्या कायद्याने बांधून दिलेल्या आणि पुढे किमान ८.३३ टक्के ठरलेल्या त्या रकमेत, जमीन बदले: शेणाचे सारवण जाऊन शहाबादी लादी. आजी कुरकुर करी की लादीवर गुडघे दुखतात. मग विजेचा दिवा आणि पंखा. मग कुडाच्या जागी विटेची भिंत, तीही एका वर्षी एकच. अशी तीन बाजूंनी विटेची आणि चौथ्या बाजूने कुडाची घरे आम्ही पुष्कळ पाहिली. न्हाणीघर आणि संडास यांस बायका आग्रह धरीत आणि पुरुष ते पुढच्या वर्षावर ढकलीत. सर्वांत शेवटी, मुलीच्या लग्नाआधी, प्रॉव्हिडंट फंडातून घरासाठी आगाऊ रक्कम काढून छप्पर. १९५२ च्या कायद्याच्या त्या फंडाचे फॉर्म आम्ही शेकड्यांनी भरून दिले आहेत. ओट्यावर बसून, समोर चहा ठेवून, फॉर्ममध्ये 'प्रयोजन' या रकान्यात आम्ही 'घरबांधणी' लिहीत असू, तेव्हा घरातली म्हातारी हमखास विचारी, "बाबा, यात कौले लिहिलीस ना?"

आणि बारा दिवस? ते असे वाटले जात. सहा दिवस शाकारणीला. चार दिवस लग्नसराईला, कारण भावकीत नाही गेले तर आपल्या कार्याला कोण येणार. एक दिवस आजारपणासाठी राखून. उरला एक. त्या एका दिवसाचा समुद्र होई.

हा समुद्राचा दिवस सुरुवातीला मौजेचा म्हणून कोणी मागत नसे. पुन्हा तो आगोटीचा शब्द. पावसाळ्यासाठी सुके बोंबील, सुकट, जवळा घ्यायचा. बाजारात महाग पडतो. मग दोन-चार बिऱ्हाडे मिळून सातपाटीला, दांडीला किंवा चिंचणीला जाऊन थेट घ्यावा. त्यासाठी टेम्पो ठरे. टेम्पोत जागा उरे, म्हणून मुले. मुले आली म्हणजे खाणे आले. अशा रीतीने सुकटीच्या पोत्यावर बसून आमच्या वस्तीतली मुले प्रथम समुद्राला गेली. पुढे केळव्याच्या सुरूच्या बनात नुसतेच जाऊन बसण्याइतकी मजल आली; तरी येताना हातात वाळलेल्या बोंबलांची जुडी आणि ताडगोळे असल्याखेरीज सहल झाली असे कोणाला वाटत नसे.

समुद्राचे एक वेळापत्रक आहे आणि ते कारखान्याशी जुळत नाही. जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगतात: अष्टमीला सुमारे सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याला जोर नाही, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. मुलांना न्यायचे तर भांगाचे दिवस बरे. पण कारखान्याची पाळी आठवड्यावर चालते आणि समुद्राची तिथीवर. रजा मिळाली तर उधाण, भांग आला तर दुसरी पाळी. ओहोटीच्या वेळी गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी दूरवर चिखल आणि खडक तेवढे पाहिले आणि 'पाहिला समुद्र' म्हणून परत आली.

येथे एक गोष्ट बोलून टाकतो, जी सभांमधून बोललो की पुरुष मंडळी हसतात. सहलीच्या दिवशी पुरुषाला रजा असते, बाईला नसते. ती पहाटे तीनला उठते, पुऱ्या तळते, बटाट्याची भाजी करते, तांब्या-पेले, चटई, पोरांचे सुके कपडे बांधते. किनाऱ्यावर ती वाढते, आणि पाण्यात जातात इतर. परतल्यावर वाळूने भरलेले कपडे तिच्याच पुढ्यात. शाकारणीतही तेच: छप्पर उघडे असताना त्याच घरात स्वयंपाक करणे हे छपरावर चढण्याहून सोपे नाही. १८९० च्या सभेत ज्या दोघी बोलल्या त्या गिरणीत कामाला होत्या म्हणून त्यांच्या सुट्टीचा प्रश्न निघाला. घरात राबणारीची सुट्टी कोणत्या सभेत निघायची? एका वर्षी आमच्या वस्तीतल्या बायकांनी पुरुषांना बजावले की पुऱ्या तुम्ही तळा. त्या वर्षी पुऱ्या जळाल्या, पण बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, साडीचा ओचा हातात धरून, आणि बराच वेळ कोणी परत फिरेना.

इथवर जे सांगितले ते कायम कामगाराचे. आता गणित बदलले आहे. वसाहतीतल्या पुष्कळ कारखान्यांत कायम माणूस मूठभर, बाकी ठेकेदाराचे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश, मराठवाडा, आणि आपलेच जव्हार-विक्रमगड. ठेकेदाराच्या वहीत नाव लागते आणि २४० दिवस भरण्याआधी ते खोडले जाते, आठ दिवसांनी पुन्हा लागते. ठेकेदार बदलला की मोजणी पहिल्यापासून. १९७० साली ठेका कामगारांचा कायदा झाला, तो याच्यासाठीच होता. २०२० साली संसदेने केलेल्या आणि २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या संहितेने २४० ची अट १८० वर आणली. हे आम्ही स्वागतार्ह मानतो. पण खोडरबराला २४० आणि १८० यांतला फरक समजत नाही. रजेची मोजणी ठेकेदाराच्या नावावर न ठेवता कामाच्या जागेवर ठेवावी, ही मागणी आम्ही दरेक मागणीपत्रात पहिल्या पाचांत घालतो.

या माणसांचे घर म्हणजे चाळीतली दहा बाय दहाची खोली, वर सिमेंटचा पत्रा. एप्रिलच्या दुपारी ती भट्टीसारखी तापते आणि रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपू शकत नाही. तरी घर सजवण्याची हौस येथेही आहेच. पत्र्यावर चुना मारतात, ओली पोती टाकतात, आतून प्लायचे छत ठोकतात; कारखान्यातून विकायला निघालेल्या टाकाऊ कापडाचा पडदा लावून एका खोलीच्या दोन करतात. हा सगळा खर्च भाडेकरूचा आणि खोली मालकाची. खोली सोडताना छत तिथेच राहते. पाणी साठवायला भंगारातून निळे पिंप आणतात. त्यात पूर्वी कोणते रसायन होते हे विचारून घ्या, असे आम्ही घरोघर सांगत फिरतो. या खोल्यांपासून समुद्र दहा-बारा किलोमीटर. पाच-पाच वर्षे येथे राहून तो न पाहिलेली कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. उलट २०१३ च्या एप्रिलपासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि मुंबईची मंडळी सकाळी निघून केळव्याच्या वाळूवर दुपारी जेवू लागली. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांनाही रजा कोणी फुकट दिलेली नाही.

समुद्रही पूर्वीचा राहिलेला नाही. अणुवीज केंद्राभोवतीचा किनारा सुरक्षिततेसाठी बंद झाला. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली, ते संच २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. वसाहतीचे सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्रात जाते. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ साली लवादाने कारखान्यांना नुकसानभरपाईचे आदेश दिले. येथे युनियनवाल्याची अवघड जागा येते, ती झाकून ठेवणे बरे नाही. ज्या कारखान्याच्या पगारातून कौले आली त्याच कारखान्याच्या पाण्याने बोंबील कमी झाले. 'प्रदूषण म्हणाल तर कारखाना बंद होईल' असे मालक सांगतो, आणि आमच्यातले काही त्याची री ओढतात. आम्ही त्यांना विचारतो की सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रावर माणसे लागत नाहीत काय? आता डहाणूजवळ वाढवणला मोठे बंदर होणार. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात त्याची पायाभरणी झाली. १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने असेच बंदर नाकारले होते. मच्छीमार विरोधात उभे आहेत, आणि बंदरात नोकऱ्या किती व कोणाच्या नावावर, कायम की ठेक्याच्या, हा प्रश्न आम्ही विचारीत आहोत.

एका माणसाबद्दल सांगायचे राहिले. सातपाटीच्या, डहाणूच्या आणि गुजरातच्या बंदरांतल्या बोटींवर खलाशी म्हणून जातो तो बहुतेक या जिल्ह्याचाच आदिवासी तरुण; तलासरीचा, डहाणूचा, जव्हारचा. ऑगस्टात जातो, दहा महिने पाण्यावर असतो. त्याला समुद्राची सहल म्हणाल तर तो हसेल. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. त्याआधी बोटी वर ओढल्या जातात, हिशेब होतो, उचल वजा होते, आणि जे हातात पडते ते घेऊन तो मेच्या शेवटच्या आठवड्यात एसटीने पाड्यावर उतरतो. बापाने गवताच्या पेंढ्या बांधून ठेवलेल्या असतात. पश्चिमेला ढग दिसू लागलेले असतात. तो पिशवी ओटीवर टाकतो, पाणी पितो, आणि संध्याकाळच्या आत छपरावर चढतो.